तारेचं वळण

५ फेब्रुवारी १९६३, फुलसावंगी

आज दुपारी वाघझरी तांड्याच्या विहिरीवर देवसिंग नायकाच्या पोरीनं, रुपीनं, डोक्यावरची घागर न उतरवता, मला विचारलं, "ही तुमची बिजली जातं फिरवते का?" आणि तिथंच माझं सगळं बदललं. तोवर मी कॉलेज अर्धवट सोडून आलेला, बापाच्या मनातून उतरलेला, बिजलीच्या तारेसाठी सरकारची मोजणीची साखळी ओढत रानोमाळ हिंडणारा हिरासिंग होतो. आता कोण आहे ते मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून बाजारातून ही वही आणली.

मी म्हणालो, फिरवते.

"म्हणजे दांडा बाईनं धरायचा आन ढकलायचं बिजलीनं?"

"बाईनं काहीच धरायचं नाही. गिरणी असते. वरून ज्वारी टाकायची, खालून पीठ घ्यायचं."

"मग बाईनं पहाटे काय करायचं?"

"झोपायचं."

ती इतकी हसली, की घागरीतलं पाणी तिच्या ओढणीच्या आरशांवर सांडलं. आम्ही बोललो ते आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. इथं मराठीत लिहितोय, कारण बोलीत लिहायला मला कुठल्याच शाळेनं शिकवलं नाही. तिच्या केसांत घुगऱ्या नव्हत्या, हे मी पाहून घेतलं. म्हणजे लग्न झालेलं नाही.

परतताना उकंडा म्हणाला, "काहून हिरासिंग, साखळी उलटी धरून राह्यला आज?"

उकंडा फुलसावंगीचाच. साखळीचं दुसरं टोक त्याच्या हातात असतं. त्याला मी काही सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

बापाचं पत्र आलं. नेरकडच्या आमच्या तांड्यात पत्र वाचणारा मी एकटाच होतो. आता लिहिणारा कोण मिळाला कोणास ठाऊक. एकच ओळ: माफी लिहून दे आणि परत कॉलेजात जा.

माफी कशाची? अमरावतीला प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक डायनॅमो होता. दोन वर्षं मी त्याची व्याख्या पाठ केली. एक दिवस म्हणालो, सर, एकदा फिरवून बघू द्या. सर म्हणाले, आधी आकृती नीट काढ. माझं डोकं फिरलं. मी काच फोडली, डायनॅमो बाहेर काढला आणि हँडल फिरवलं. बल्ब लागला. काजव्याएवढा लागला, पण लागला. माझा हात थांबला की विझायचा, हात चालला की लागायचा. सर ओरडत होते तेव्हा मी तेच बघत बसलो होतो.

रक्त कुठल्या बोटातून येत होतं हे नंतर कळलं. माफी लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी

आमचे ओव्हरसियर खानझोडे साहेब नागपूरचे. पोट सुटलेलं, गळ्यात मफलर, आणि मोजणीच्या दुर्बिणीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आज दिवस मावळताना ते मला नि उकंडाला घेऊन वाघझरीला नायकाच्या ओट्यावर जाऊन बसले. तार जिथून जाणार त्या गावाला आधी समजावून सांगा, असा वरून हुकूम आहे.

"पारसला कोळसा जाळतात," साहेब म्हणाले. "कोळशानं पाणी उकळतं, वाफेनं चाक फिरतं, चाकातून बिजली निघते. ती तारेनं इथं येणार."

देवसिंग नायक साठीचे, मिशी पांढरी, डोळा बारीक. म्हणाले, "पाणी उकळायले इतक्या दूर कायले जाता साहेब? माह्या घरी चहाले रोज उकळते."

सगळा ओटा हसला. साहेबही हसले. नायक मात्र हसत नव्हते, त्यांना पुढं विचारायचं होतं. "आमचे बापजादे बैलावर मीठ वाहायचे. बैल थकला की पाठीवरची लदेणी उतरवायची, मीठ कोरड्या जागी ठेवायचं, सकाळी पुन्हा लादायचं. ही बिजली वाटेत कुठं उतरते? कुठं साठवता?"

"साठवता येत नाही. जेवढी निघते तेवढी त्याच घडीला संपते."

"मग तर हे फार कंगाल काम झालं," नायक म्हणाले. "आज जास्त पिकलं तं उद्यासाठी ठेवता येत नाही, आन आज कमी पिकलं तं उद्याचं आणता येत नाही."

साहेब म्हणाले, "म्हणूनच पुरत नाही. पारसचं एक यंत्र, आणि तोंडं पसरलेला सगळा वऱ्हाड. संध्याकाळी दिवे आणि जिनिंग एकदमच मागतात, मग दोघांचंही अर्धं. दुसरं यंत्र मंजुरीला गेलंय. ते आलं, की नाही म्हणायचं कामच नाही."

"कधी येते?"

"सरकार लागलंय मागे," साहेब म्हणाले. गेल्या साली चीनची लढाई झाली, तांबं, पोलाद सगळं तिकडं गेलं, म्हणून उशीर, हेही त्यांनी सांगितलं.

दाराच्या आड रुपी उभी होती. तिचे पैंजण दिसत होते. सगळं ऐकेपर्यंत ते हलले नाहीत.

मला एक कळत नाही. साठवता येत नाही तर बल्ब लागायच्या आधी ती बिजली कुठं असते? तारेत वाट बघत उभी असते का?

१८ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली.

फुलसावंगीहून नदीकडं जाणारी तार साहेबांच्या दुर्बिणीतून सरळ खडकी नाल्यापलीकडं जाते, हिवरतांड्याला खेटून. तिथवर आम्ही खुंट्याही ठोकल्या होत्या. वाघझरी राहते अलीकडं, टेकाडाच्या अंगाला. आणि या सगळ्या टप्प्याला मिळणार ट्रान्सफॉर्मर एकच. दुसरा पारसचं दुसरं यंत्र आल्यावर. म्हणजे उजेड हिवरतांड्याला, आणि रुपीच्या पहाटेला तेच जातं.

मी साहेबांना म्हणालो, "तिथं खांब टिकणार नाही. पावसाळ्यात हा नाला दोन्हीकडं पसरतो. काळी जमीन, खांब आडवे होतील."

"तुला काय माहीत बे?"

"आमच्या लोकांनी या काळ्या मातीतून पिढ्यान्‌पिढ्या बैल हाकलेत, साहेब."

साहेबांनी बराच वेळ नाल्याकडं पाहिलं. त्यात पाण्याचा टिपूस नाही. वळण आलं की खांबाला ताण द्यावा लागतो, सामान वाढतं, म्हणून वळण त्यांच्या जिवावर येतं. पण मागं एकदा दुसरीकडं त्यांचे खांब पुरात गेले होते, आणि ती भीती त्यांच्या मनात आहे हे मला ठाऊक होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वाघझरीवरून घेऊ."

उकंडा साखळी गुंडाळत होता. एवढंच म्हणाला, "मी याच गावचा. या नाल्यात मी म्हशी धुतल्या. म्हशीच्या पोटालेही पाणी लागत नाही."

"गप रे."

"मी कुठं बोललो?"

मला वाईट वाटतंय का? थोडं वाटतंय. पण लोक प्रेमासाठी काय काय करतात. मी फक्त एक रेघ वाकवली.

२२ फेब्रुवारी

वळणाच्या जागी, नायकाच्या शेताच्या बांधावर, खुणेचा बांबू रोवला. जुनी कापडं उन्हानं उडाली होती, म्हणून नवं पांढरं कापड मीच आणलं आणि चांगलं हातभर मोठं फाडलं. त्याच्याखाली लाल पट्टी. विहिरीवरून स्पष्ट दिसेल असं बांधलं.

विहिरीवर गेलो तेव्हा रुपी तिथं होतीच. तिनं झेंड्याकडं पाहिलं, मग नाल्याकडं पाहिलं.

"पहिले तर खुंट्या पलीकडे गेल्या होत्या ना? हिवरतांड्याच्या बाजूनं?"

"होत्या. मी वळवल्या."

"तुमी?"

"मी सांगितलं म्हणून साहेबांनी वळवल्या."

"काहून?"

आता तिथं काय सांगणार, शेजारी दोन बाया घागरी भरत होत्या. म्हणालो, "नाल्याचं पाणी."

घागर भरून सांडायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "आन हिवरतांड्याले कधी?"

"दुसरं यंत्र आल्यावर. चार-पाच वर्षं तरी जातील."

"चार-पाच वर्षं," ती म्हणाली आणि गेली. मला वाटतं, आनंदानं तिला बोलणं सुचेना. हिवरतांड्याचीही काळजी करते, किती मोठं मन आहे.

त्यांचं गोत्र मी उकंडाकडून काढून घेतलं. आमचं वेगळं आहे. अडचण नाही.

९ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. खांब येणार येणार म्हणून थांबलो. साहेब यवतमाळला जाऊन आले, रिकामेच. कार्यालयात पंखा होता पण बंद होता, म्हणाले. बिजलीच्या कार्यालयातच बिजली नाही, हे सांगताना त्यांना हसू आवरेना.

जुन्या रेषेतल्या खुंट्या उपटून आणायचं काम माझ्याकडं होतं. मी काही गेलो नाही, विहिरीच्या बाजूलाच काम काढलं. उकंडा जाऊन आला आणि हात हलवत परतला.

"खुंट्या?"

"ठेवल्या तशाच. प्रत्येक खुंटीभवती कोणीतरी दगड रचून ठेवले, ढोरानं तुडवू नये म्हणून. हिवरतांड्याचा लालसिंग उभा होता तिथं. म्हणे, राहू द्या, काय बिघडते."

"कोण लालसिंग?"

उकंडा माझ्याकडं पाहत राहिला. "हिरासिंग, सारा मुलूख उजळला तरी तुह्या डोक्यात उजेड कधी पडते ते मले पाहायचं हाय."

धुळवड

आज वाघझरीला गेलतो. नायकांनी बोलावलं होतं, घरचा समजून. मी लहानपणापासून यवतमाळच्या वसतिगृहात वाढलो, आमच्या तांड्यातली होळी मी फार पाहिलेली नाही. डफ, लेंगीची गाणी, आणि मधोमध खुंट्याला बांधलेलं गोडाचं भांडं. बाया काठ्या घेऊन त्याची राखण करतात, पुरुषांनी ते पळवायचं. मी पुढं झालो, तोच पाठीत अशी काठी बसली की डोळ्यांपुढं तारेच चमकले. वळून पाहिलं तर रुपी.

"हे वळणाचं," ती म्हणाली.

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. पाठ अजून ठणकतेय. वळणाचं म्हणजे माझ्या उपकाराचं तिनं सगळ्यांसमोर नाव घेतलं. आमच्यात अशीच रीत असावी. आवडत्या माणसाला जोरात मारायचं.

१६ मार्च

विचित्र प्रकार झालाय.

सकाळी बांधावर गेलो तर आमच्या खुणेच्या बांबूभोवती दगडांचा ओटा. सारवलेला. दगडांना शेंदूर, पुढं नारळ, आणि गूळ-तुपाचा भोग निखाऱ्यावर लावल्याची ताजी राख. पांढरं कापड तसंच फडफडत होतं. आमच्या देवांत पांढरा झेंडा सेवाभायाचा आणि लाल मरियामाय देवीचा. हे मला माहीत होतं. कापड फाडताना ते मला आठवलंही नाही. शाळेत शिकलो ना.

एका म्हातारीला विचारलं, हे कोणी केलं?

"रुपीनं पहिला नारळ ठेवला. म्हणे, नायकाच्या बांधावर झेंडा आपोआप आला. मग आमी सगळ्या आलो."

आपोआप? मी तो रोवला तेव्हा ती विहिरीवरच होती. बांबूवर सरकारी क्रमांक रंगवलेला आहे. रुपी इतकी भाबडी असेल असं मला वाटलं नव्हतं. की घाईत तिच्या लक्षात आलं नाही? तिला बिजलीतलं सगळं विचारायचं असतं, आणि हे कळू नये? या बायांचं मन कसं चालतं याचा कोणी शोध लावायला पाहिजे.

उकंडा दुरून बघत होता. त्यांच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन जुने देव सोडले, त्यामुळं तो ओट्याजवळ आला नाही, पण हसलाही नाही. "ज्यानं ठेवला त्याले कळते कायले ठेवला," एवढंच म्हणाला.

२१ मार्च

खांब आले. एका बाजूनं आनंद, दुसऱ्या बाजूनं साहेबांचा संताप.

"माझ्या वळणाच्या खांबाच्या जागी देऊळ?" साहेब वावटळीसारखे आले. "खड्डा तिथंच पाहिजे. एक वीतही सरकवता येत नाही, सगळी रेषा बिघडते."

खड्डे खणणारी माणसं आली, ओटा पाहिला, आणि पहारी खांद्यावर टाकून उभी राहिली. त्यांच्यातला एकही पुढं होईना. साहेब त्यांच्यावर ओरडले, पण स्वतः मात्र ओट्याच्या बाहेरच उभे होते, आणि ओरडायच्या आधी पायातला जोडाही काढला होता.

दुपारी पाणी प्यायला तांड्यात गेलो. नायकाच्या घरातून रडल्यासारखं गाणं ऐकू येत होतं. एक आवाज म्हातारीचा, थांबून थांबून सांगत होती. दुसरा आवाज तेच तेच पुन्हा म्हणत होता. ढावलो. नवरी निघताना गळ्यात पडून गाते ते. दुसरा आवाज रुपीचा होता. मैत्रिणीच्या लग्नासाठी शिकत असेल. आवाज फार गोड आहे, पण मधेच तुटतो. तुटला की म्हातारी म्हणायची, "नाही, रडू नको. आधी शीक, मग रड."

मी पाणी न पिताच परतलो. का ते माहीत नाही.

२७ मार्च

साहेबांनी नायकांना बोलावणं पाठवलं. नायक आले नाहीत, म्हणाले ओटा माझ्या बांधावर आहे, तुम्हीच या. आम्ही गेलो. नायकाच्या घरासमोर निंबाखाली सगळा तांडा बसला होता.

साहेब म्हणाले, "नायक, झेंडा दहा पावलं सरकवा. त्याच्या बदल्यात तुमच्या तांड्यात बिजली येतेय. पहिल्यांदा तुमच्याकडं. लोक यासाठी मुंबईपर्यंत अर्ज करतात."

"लई उपकार हायेत," नायक म्हणाले. "पण झेंडा सरकत नाही."

"मग तार पुन्हा नाल्यावरून न्यावी लागेल. तुमच्या वाट्याचा ट्रान्सफॉर्मर जाईल हिवरतांड्याला. विचार करा."

तांड्यात कुजबुज झाली. दोन-तीन तरुण पोरं नायकांकडं अशी पाहू लागली, की त्यांना ओटा नको, बिजली हवी. मला उठून बोलायचं होतं. उठलोही. तेवढ्यात नायकांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हिरासिंग, तू घरचाच. बैस. वैशाखात रुपीचं लगन हाय, हिवरतांड्याच्या लालसिंगशी. दिवाळीतच सगाई झाली. तू यायचं. साहेब, तुमीही या."

मी बसलो. खाली काय होतं ते पाहिलं नाही, दगड होता.

त्यानंतर काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. फक्त पैंजण आठवतात. दाराच्या आड होते, हलत नव्हते.

३० मार्च

काल बांधावर गेलो. मनात एकच, तो बांबू उपटून नाल्यात फेकायचा. म्हणजे तार वाघझरीला येईल, आणि ती जाऊन बसेल पलीकडं अंधारात, जातं ओढत, लालसिंगच्या घरी. चार-पाच वर्षं. मग रोज पहाटे तिला आठवेल की उजेड कोणी आणला होता आणि कोणत्या दारी.

हे लिहून मी दोनदा वाचलं. असं माझ्याच मनात आलं?

बांबूला हात घातला. कापड वाऱ्यानं माझ्या तोंडावर आलं, त्याला तुपाचा वास होता. हात काढून घेतला. भीतीनं नाही. कशानं, ते सांगता येत नाही.

१ एप्रिल

ती विहिरीवर एकटी होती. मी ठरवून गेलतो.

"तुला माहीत होतं तो झेंडा आमचा आहे."

"पांढरा झेंडा तुमचा कसा?" ती म्हणाली. "बांबू सरकारचा असेल."

"त्यावर क्रमांक आहे. तुला दिसला नाही?"

"मले वाचता येते कुठं?" ती घागर घासत राहिली. तिला अंक वाचता येतात. मागं तिनंच मला खुंट्यांवरचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले होते.

"तुमच्या तांड्याला आलेली बिजली तू घालवलीस."

आता तिनं घासणं थांबवलं. "तार तुमी इकडे वळवली ते कोणाले इचारून?"

मी नाल्याकडं पाहिलं.

"मले इचारलं होतं? मी रोज तुमाले इचारत होती. ही कशी येते, कुठून येते, जातं फिरवते का. तुमी एकदाही उलटं इचारलं नाही, का रुपी, तू कुठं राहणार हायेस."

"मला वाटलं..."

"तुमाले काय वाटलं ते सगळ्या तांड्याले ठाऊक हाय." ती हसली नाही. "ते गिरणी टाकतो म्हणतात. मोटर असली तर. दोन्ही तांड्यांचं दळण एका जागी. इकडच्या बायाही नाला उतरून येतील, म्हशीच्या पोटालेही पाणी लागत नाही त्यात."

म्हणजे उकंडानं तिलाही सांगितलं होतं.

"आन तुमच्या बापूंना?" मी विचारलं. "त्यांना माहीत आहे?"

"बापूले कोणी काही सांगत नाही. ते नुसते पाहतात." घागर डोक्यावर घेऊन ती निघाली. चार पावलं जाऊन थांबली. "हिरासिंगभाया, एक राहिलंच. बटन दाबलं की पारसले कसं कळते?"

भाया म्हणाली, भाऊ. तरीही मला उत्तर द्यावंसंच वाटलं. पण आलं नाही. कसं कळतं? हात थांबला की बल्ब विझायचा, एवढंच मला माहीत. शेकडो लोकांचे हात एकदम थांबले, एकदम चालले, तर तिकडं त्या चाकाला काय वाटत असेल?

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग माहीत करून घ्या," ती म्हणाली.

२ एप्रिल

आज सकाळी साहेबांनी खोलीवर बोलावलं. चावडीशेजारच्या याच खोलीत दुर्बीण असते, आणि नकाशा खाटेवर पसरलेला. वावटळी उठत होत्या, खिडकीतून धूळ आत येऊन नकाशावर बसत होती.

"तू त्यांच्यातला आहेस," साहेब म्हणाले. "त्यांच्या बोलीत सांग. म्हण, हे सरकारी खुणेचं कापड आहे, देवाचं नाही. मीच बांधलं म्हणून सांग. तुझं ऐकतील, त्यातली पोरं तर लगेच ऐकतील. उद्या खड्डा खणायचा."

खरं होतं ते. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं. पोरं तयारच होती.

"साहेब, तो झेंडा देवाचा आहे."

"काय बे, तू शिकलेला माणूस."

"ओट्यावर भोग लावलाय त्यांनी. आता तो त्यांचाच. तार सरळ न्या, नाल्यावरून."

"आणि पूर? काळी जमीन? खांब आडवे?"

"नाला पसरत नाही. भर पावसात गुडघाभर पाणी येतं. मी वाढवून सांगितलं होतं."

साहेब खाटेवर बसले. मफलर काढून त्यांनी नकाशावरची धूळ झटकली, जशी काही सगळी चूक त्या धुळीतच होती. मी असं का केलं ते त्यांनी विचारलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, उकंडानं त्यांनाही सांगितलं असेल.

"सगळी दुर्बीण पुन्हा लावायची," ते शेवटी म्हणाले. "जुन्या खुंट्या तरी आहेत की उपटल्यास?"

"आहेत. दगड रचून ठेवलेत त्यांच्याभोवती. एकही हललेली नाही."

"कोणी रचले?"

"ज्यांना तार हवी होती त्यांनी."

साहेबांनी मान हलवली. मला कामावर ठेवता येणार नाही, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. साखळीच्या पेटीची किल्ली मागितली, मी दिली. बाहेर उकंडा साखळीचं आपलं टोक घेऊन बसला होता, दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

"आता कुठं जाशील? बापाकडं?" साहेबांनी विचारलं.

"पारसला."

"तिथं तुला कोण घेतो बे?"

"कोळसा उचलायला तरी घेतील. दुसरं यंत्र येतंय म्हणता, हमाल लागतीलच. मला ते पाणी उकळताना पाहायचं आहे. आणि इथं कोणी बटन दाबलं की तिथं काय होतं, ते पाहायचं आहे."

साहेब हसले. पहिल्यांदाच माझ्यावर नव्हे, माझ्याबरोबर. "मलाही माहीत नाही," म्हणाले. "कळलं तर लिही."

मी निघालो. उंबऱ्याशी पोचतो तोच वावटळीचा एक लोट आत घुसला, आणि नकाशा फडफडला.

"दार लावून घे," साहेब मागून म्हणाले. "रेषा पुन्हा काढायची आहे."

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.